चिखलातला दगड

मासे खाण्यातच जन्म गेला, तरी तो एक मासा आठवला की आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं. ते चवीचं नव्हे, ओकारीचं.

माझं माहेर करंजाड्याकडचं, भातशेतीचं. लग्न होऊन सारसोळ्याला आले तेव्हा इथलं शहर अजून कागदावरच होतं. दारापुढे खाडी. ओहोटी लागली की सासरच्या बायका चिखलात उतरून शिंपल्यातले खुबे वेचायच्या. भाताच्या चिखलाला निदान मातीचा वास असतो. हा चिखल काळा, गिळगिळीत, नासक्या अंड्यासारखा वास मारणारा. बोटांच्या बेचक्यांतून सारखं काहीतरी वळवळायचं. मला शिसारी यायची, पण मी कुणाशी बोलतच नसे, म्हणून तेही बोलले नाही.

सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पाय उचलायचा नाही, घासत पुढे न्यायचा. मला ते जमेना. पाय कधी एकदा बाहेर निघतो असं व्हायचं. बगळ्यासारखे पाय उचलताना बघून जाऊ हसायची, "आली बगली आमची!"

एकदा गुडघाभर चिखलात चालताना समोर दगड दिसला. काळपट, खडबडीत, शेवाळ धरलेला. वाटलं, घटकाभर तरी एक पाय वर राहील. उजवा पाय त्यावर टेकला.

दगड मऊ होता.

पुढची कळ सांगता येत नाही. मी ओरडले नाही, तिथंच चिखलात बसले. टोपली कलंडली तेव्हा सासूनं वळून पाहिलं.

"काय झाला गो?"

"दगडावर पाय दिला."

"आपले चिखलान दगड कवा आला?"

तिनं कोयत्यानं तो दगड ढोसला, तर त्यानं तोंड उघडलं. वर, आभाळाकडे. अंगभर चामखिळी, त्यांत चिखल रुतलेला, वर शेंबडासारखी बुळबुळ, पाठीवर काटे. डोळे कुठे आहेत तेही कळेना. असला घाणेरडा जीव मी त्याआधी पाहिला नव्हता. जावेनं कोयत्याचे घाव घालून तो मारला आणि टोपलीत घेतला. मला वाटलं, रागानं घेतला. पण घरी आल्यावर सासूनं तो चिरला आणि त्याचं मांस माझ्या तळपायाला लावून वर चिंधी आवळली. जो मासा काटा मारतो, त्याचंच मांस विष ओढून घेतं, अशी तिथली समजूत.

पाय गुडघ्यापर्यंत सुजला. दुसऱ्या दिवशी ते मांस सुटून टाचेवरून पाणी गळायला लागलं. माश्या उठेनात. सासू भाताची ताटली शेजारी ठेवून "खा गो" म्हणायची आणि मी तोंड फिरवायची. या माशाबरोबर माझा पायही कुजणार आणि मला लंगडी करून माहेरी पोचवणार, एवढंच डोक्यात. त्यात जाऊ म्हणाली, "पाय गेला त गेला. चूल फुकाला त बसंल!"

तिसऱ्या दिवशी चिंधीच्या कडेला पांढरं काहीतरी हललं. अळी होती.

"हे सोडा," मी म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही. मग मी ओरडलेच, "सोडा हे! नाहीतर मी कोयत्यानं कापून टाकते!"

सासू माझ्याकडे बघत राहिली. "वाचा हाय गो हिला," ती जावेला म्हणाली आणि सोडायला बसली. शेवटचा वेढा निघाला तसा तिनं पदर नाकाला लावला आणि उंबऱ्याबाहेर जाऊन ओकली. तिला ओकताना बघून मला फार बरं वाटलं. पण परत आली तीच ऊन पाणी घेऊन, आणि तिनंच सगळं धुतलं. दुसऱ्या दिवशी तिनंच मला बेलापूरच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी सडलेलं मांस कापून काढलं. पाय राहिला. तळव्याला चिंचोक्याएवढा खळगा आहे.

पुढे कितीतरी वर्षं चिखलात उतरले, पाय घासत. आता खाडीत भराव पडतोय, डंपर येऊन दगड ओततात. बायका त्या दगडांवर बसून मासळी निवडतात.

"बस गो," जाऊ म्हणते, "खराच दगड हाय यो."

मी काठीनं टोचून बघते. कडक लागतो. तरी मी उभीच राहते.