बेलीफानं वाचलेला हायकोर्टाचा निकाल

आमच्या गल्लीतले बेलीफ कोर्टाचा कागद वाचण्याआधी पायातल्या चपला काढायचे. कुणी शिव्या घातल्या, तर एवढंच म्हणायचे, “पावणं, कागद बोलतोय, मी न्हाय.”

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मशिदीवरून आमच्या मंडळाची मिरवणूक वाजतगाजत न्यायची की नाही, हा वाद हायकोर्टात गेला. निकालाचा कागद आला, तेव्हा आम्ही गळ्यात ढोल अडकवून मशिदीच्या कोपऱ्यावर उभे होतो. समोर मुसलमान शेजारी उभे होते. बेलीफांनी वाचलं, “मिरवणुकीला रस्ता खुला आहे.” आमच्यात आरोळी उठली. बेलीफांनी हात वर करून पुढचं वाचलं, “मात्र नमाजाच्या वेळी वाद्यं बंद ठेवावीत.” अजान नुकतीच झाली होती.

आमच्या मंडळाचा अध्यक्ष त्यांच्या कानाशी लागला. “ते उद्या वाचा की. तुम्ही आमचंच हायसा न्हवं?”

“व्हय, तुमचाच हाय,” ते म्हणाले आणि तेच वाक्य पुन्हा, आणखी मोठ्यानं वाचलं. मग माझ्या ढोलासमोर येऊन थांबले. मी टिपरू खाली केलं. नमाज संपेपर्यंत ते हलले नाहीत.

त्यानंतर बरेच दिवस गल्लीत कुणी त्यांना चहाला हाक मारली नाही. मीही नाही.