मधल्या खोलीतलं तेल

लग्न होऊन मी लकडगंजच्या घरात आले, माप ओलांडलं आणि सासऱ्यांच्या पाया पडले. लोकांचे सासरे अशा वेळी आशीर्वाद देतात. आमचे म्हणाले, "सूनबाई, मधल्या खोलीत उदबत्ती नको लावजो. तिथं तेल हाये."

मला वाटलं, वर्षाचं गोडं तेल भरून ठेवलं असेल. आत जाऊन पाहते तर भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, लाकडी फळ्यांवर चौदा डबे. सगळे सीलबंद आणि सगळे मोटारीच्या इंजिनात घालायच्या तेलाचे. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आणल्याची तारीख टाकलेली. आमच्या घरात नुसतं तेल म्हटलं की हे तेल. फोडणीच्या तेलाला 'खायाचं तेल' असं वेगळं म्हणावं लागे.

सासऱ्यांना सगळा मोहल्ला मारोतराव मिस्त्री म्हणायचा. मी त्यांना मामाजी म्हणे. उभा जन्म वर्कशॉपात काढून रिटायर झालेला माणूस. हातात विद्या होती, हे मी कितीही रागात असले तरी नाकारणार नाही. आरागिरणीवर लाकूड घेऊन येणारे ट्रकवाले मुद्दाम आमच्या दारापाशी गाडी थांबवत. मामाजी ओट्यावरूनच कान देत आणि सांगत, "दुसरं सिलिंडर मिस मारून राहिलं तुझं. खोलून पाय." खोलल्यावर तेच निघे.

त्यांनी स्वतः एक जुनी विलायती गाडी घेतली होती. काळी, गोल पाठीची. अंगणात विटांवर चढवून, वर ताडपत्री घालून ठेवलेली. इंजिन खोललेलं होतं आणि त्याला हव्या त्या मापाचं बेअरिंग हिंदुस्थानात मिळत नव्हतं. मग तेलाची एवढी घाई कशाला? सत्तरच्या दशकातली ती टंचाईची वर्षं होती, रॉकेललासुद्धा रांगा लागत. मामाजींनी धसका घेतला होता. म्हणायचे, "इंजिन आज ना उद्या उभं राहीन. पन तेव्हा तेल कुठून आनशीन?" कुठे एखादा चांगला डबा आहे म्हणून कळलं की सायकलला टांग मारून निघालेच.

आणि आणून नुसतं ठेवलं, असं नाही. महिन्याच्या महिन्याला प्रत्येक डबा उलटा-सुलटा करायचा, का तर तळाशी बसू नये. "सीलबंद डबा पाच वर्ष, उघडला का सा महिने. अन् ऊन लागलं का दोन्ही हिशोब खतम," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. घरात तीनच खोल्या. बाहेरची टिनाच्या छपराची, मागचं स्वयंपाकघर आणि मधली जाड मातीच्या भिंतींची, कौलांखालची. नागपूरच्या मे महिन्यात माणसाने दुपारी जगावं अशी जागा ती एकच. ती तेलाला मिळाली. ओल नको म्हणून तिथला पाण्याचा माठसुद्धा स्वयंपाकघरात गेला. आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, खाट तेवढी डब्यांच्या समोर राहिली होती.

आईंचं माहेर सावनेर. एष्टीत बसलं तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढं जवळ. पण नऊ वर्षांत त्या गेल्या नव्हत्या. गाडी घेतली तेव्हा मामाजींनी शब्द दिला होता की आता सावनेरला जाशील ती गाडीतूनच. त्यानंतर एष्टीचं नाव काढलं की त्यांचा पारा चढे. "काहून? मिस्त्रीची बायको एष्टीत उभी राहून जाईन? लोक काय म्हनतीन मले?" आई हसायच्या. मला एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "वं माय, गाडीत बसाचं काई नाई मले. अंगनातली चिंच पाहाची होती एकदा. पन त्याईचा जीव हाये न गाडीत." आणि एक लुगडं त्या प्रवासासाठी म्हणून घडी न मोडता ठेवलं होतं.

माझ्या लग्नाच्या पाचव्या वर्षी, फाल्गुनात, कलकत्त्याहून ते बेअरिंग आलं. मामाजी तरुण झाले. चैत्रभर त्यांनी एकट्याने इंजिन जोडलं. चाकं चढली, ताडपत्री निघाली. आता फक्त तेल ओतायचं आणि निघायचं. आईंनी लुगडं उन्हाला दाखवलं. तेव्हा मामाजी म्हणाले, "आता नाई. नवं जोडलेलं इंजिन हाये, या उन्हात घासलं त बसून जाईन. मृग लागू दे, पयला डबा सावनेरच्याच नावानं फोडतो."

वैशाखात आईंना ताप येऊ लागला. अंगाची लाही व्हायची. मी उशाशी पाण्याचा तांब्या ठेवे, कपाळावर ओल्या घड्या ठेवे, दाराला ओलं पोतं लावलं. मामाजी दारात उभे राहून खोलीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "सूनबाई, ओल धरून राहिली इथं. झाकनं गंजतीन. खाट बाहेरच्या खोलीत घ्या. तिथं हवा तरी लागन तिले."

खाट मी आणि माझ्या नवऱ्याने उचलली. मी नवी नवरी नव्हते, तोंडाने मुकी नव्हते. मोहल्ल्यात माझी जीभ तिखट म्हणून प्रसिद्ध होती. तरी त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही. आईच म्हणाल्या, "राहू दे वं, दोन महिन्याचा त सवाल हाये."

टिनाखाली त्या चार दिवस होत्या. पाचव्या दिवशी दुपारी त्यांची शुद्ध हरपली. माझा नवरा ओरडला, "बाबा, गाडी काढा!" मामाजी धावले, हे खरं. डबा आणला, फोडला. आणि मग चाळीस वर्षांची सवय आड आली. तेल बोटांत चोळून पाहिलं, वास घेतला, पेपरच्या तुकड्यावर थेंब सोडून त्याचा डाग पाहिला. "हा जुना हाये, थांब," म्हणत दुसरा डबा आणायला आत गेले. तोवर आम्ही सायकलरिक्षा थांबवली होती. भर दुपारी, आईंचं डोकं माझ्या मांडीवर, वर छत्री धरून आम्ही दवाखान्यात गेलो. मागे अंगणात गाडी बॉनेट उघडून उभी होती.

दोन दिवसांनी आई गेल्या. मधे एकदा डोळे उघडून त्यांनी मला विचारलं, "सुरू झाली का वं गाडी?" मी हो म्हटलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, ताप होता, ऊन बाधलं. मला त्यातलं शेवटचं तेवढं ऐकू आलं.

तेराव्यानंतर पदर खोचला आणि मधल्या खोलीतले उरलेले सगळे डबे मी माझ्या हातांनी टिनाच्या खोलीत नेऊन टाकले. टाकलेच, ठेवले नाहीत. मामाजी ओट्यावरून बघत होते. मी म्हणाले, "नासू द्या आता." संध्याकाळी त्यांनी आपली वळकटी उचलली आणि त्या डब्यांशेजारी जाऊन अंथरली.

गाडी त्यांनी कधी सुरू केली नाही. मधल्या खोलीत पुन्हा पाय ठेवला नाही. पुढचे चार उन्हाळे ते त्या टिनाखालीच होते. दुपारी खोलीत हात लावू तिथे चटका बसे. मी दारातूनच ताट सरकवून येई. नवरा म्हणे, "बाबांना आत बोलाव ना, तुझंच ऐकतील." मला ठाऊक होतं, ऐकले असते. मी बोलावलं नाही. चौथ्या उन्हाळ्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले. शेवटपर्यंत म्हातारा दर महिन्याला डबे मात्र उलटे-सुलटे करीत असे.

पुढे गाडी विकायला काढली. घेणारा एक तरुण मिस्त्री आला. त्याला म्हटलं, आतले डबेही ने बाबा, नासलेले आहेत, फेकून दे. त्याने एक फोडला. बोटांत चोळलं, वास घेतला, आमच्याच पेपरच्या कोपऱ्यावर थेंब सोडला. हुबेहूब तसंच. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"कोन म्हने नासलं, काकू? एकदम मस्त हाये."

"चार उन्हाळे टिनाखाली होतं ते," मी म्हणाले.

तो हसला. "सीलबंद तेलाले काई होत नाई आपल्या उन्हानं," म्हणाला आणि दोन्ही हातांत एक-एक डबा धरून गाडीकडे गेला.