आरोहीची गोळी आणि राजेश्वरची डोकी

उमरग्याला एसटी बदलताना पर्समधली औषधाची डबी मी चौथ्यांदा चाचपली. सीमेपलीकडच्या राजेश्वर गावी माझी चुलत बहीण सुमनअक्का राहते. तिच्या सहा वर्षांच्या आरोहीला एक दुर्मीळ आजार आहे. कधी डावा हातपाय लुळा पडतो, कधी उजवा; झोप काढून उठली की पुन्हा चालतो. पुण्याच्या डॉक्टरांच्या फ्लुनारिझिनने आजार गेला नाही, पण झटके कमी झाले होते. या वेळी गोळ्या मुदतीआधीच संपल्या आणि झटके वाढले. अक्काला कारण कळेना.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर उभी होती. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "कुनाकडं जायलाव?"

"बहिणीकडे."

"आरोहीची मावशी व्हय? गोळ्या आनल्यात न्हवं?"

मी पर्स मांडीवर घेतली.

अक्काच्या ओसरीवर पाच-सहा बायका बसल्या होत्या. एकीने कपाळाला फडकं आवळलं होतं. "पुन्याची गोळी आली का?" तिने विचारलं.

उलगडा पुंडीपल्ल्या (अंबाडीची भाजी) आणि भाकरी खाताना झाला. हेच औषध अर्धशिशीवरही देतात, असं मेडिकलवाल्याकडून ऐकल्यापासून अक्काच्या सासूबाई, म्हणजे आत्या, दारात येणाऱ्या प्रत्येकीला विरजण द्यावं तशी एक गोळी देत होत्या. अक्का तेव्हा शाळेत शिकवायला गेलेली असे.

"मागितल्यावर न्हाई कसं म्हनावं?" आत्या म्हणाल्या.

अक्काचा घास हातातच राहिला. तेवढ्यात आरोहीची भाकरी खाली पडली.

"मावशी, आज डाव्याला सुट्टी," ती म्हणाली.

अक्काने तिला आत झोपवलं. बायका उठल्या नाहीत. मी कुणाला वेळसुद्धा विचारत नाही, पण उंबऱ्यात उभी राहिले.

"गोळी कुणालाच मिळणार नाही."

"कामून?"

"तिला रोज लागते. तुम्ही खाल्ल्या, म्हणून ती पडायला लागली."

फडकं आवळलेली उठली. "आदी सांगायचं की आत्याबाई. लेकराचं औषध चारलाव व्हय आमाला?" मग सगळ्याजणी आत्यांवर तुटून पडल्या, पण कुजबुजत, लेकरू झोपलं होतं.

तासाभराने आरोही उठली आणि दोन्ही हातांनी भाकरी मागू लागली.

दुसऱ्या दिवशी अक्का आणि आत्या मला स्टँडवर सोडायला आल्या. उन्हाने माझं डोकं ठणकत होतं. आत्यांनी ते ओळखलं. अक्का दुसरीकडे बघतेय असं पाहून त्यांनी पदराची गाठ सोडली. आत एक गोळी.

"तुज्यासाठी लपवून ठिवलती. घे."

मी ती घेतली आणि अक्काच्या हातात दिली.

डोकं उमरग्यापर्यंत ठणकत राहिलं. इतक्या समाधानाने ते याआधी कधी दुखलं नव्हतं.