शर्टांचं गोल तोरण

भुईगावात मटिल्डाबायकडून फ्रॉक शिवून घेतला नाही अशी मुलगी क्वचितच सापडेल. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती शिवणावरच जगत आली. कापड हातात आलं की आधी भिजवायचं, वाळवायचं, मगच कात्री लावायची, हा तिचा नियम. गिऱ्हाईक घाई करू लागलं की ती म्हणायची, "पान्यातून काढल्याशिवाय कापड खरं माप सांगत नाय."

२००३च्या एप्रिलमध्ये तिचा एकुलता एक मुलगा ब्रायन मोटरसायकलच्या अपघातात गेला. चर्चमध्ये त्याच्यासाठी महिन्याच्या प्रार्थनेचा मिसा झाल्यावर सून रीटा गिरीजला माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "आई, खुंटीवरचे त्याचे शर्ट कोणाला देऊ नका. नाताळला मी येते."

गेलेल्या माणसाचे कपडे गरिबांना वाटायची रीत. रीटाला त्याचीच भीती असणार, असं मटिल्डाबायला वाटलं. ती थोडीच देणार होती!

वर्षाच्या आतलं दुःख, म्हणून दारावर नाताळचा तारा लागणार नव्हता. पण सुनेला आणायला रिकाम्या हातानं कसं जायचं? तिनं खुंटीवरचे तिन्ही शर्ट काढले, धुतले, खळ लावून इस्त्री केली आणि कापले. हिरव्या चौकड्यांची पानं झाली, लाल शर्टाची फुलं. दारावर टांगायचं गोल तोरण तयार झालं. शिवताना ती कितीदा तरी थांबली, पण टाका एकही वाकडा पडू दिला नाही.

गिरीजला रीटाचे वडील सायमन वाडीत केळीचे घड उतरवत होते. तोरण बघून म्हणाले, "काय विहीनबाय, आमच्या म्हशीच्या गळ्यात घालू काय?"

"तुमच्याच घाला, शोभंल!"

रीटा हसत बाहेर आली. कितीतरी महिन्यांनी हसली असेल. तोरण हातात घेताच तिनं ओळखलं. एकदम चेहऱ्याला लावलं, श्वास ओढला, आणि तशीच थांबली.

"साबणाचा वास येतोय."

"दोन पान्यातून काढलंय," मटिल्डाबाय कौतुकानं म्हणाली. "रंग नाय जानार."

"धुतले? तिन्ही?"

"धुतल्याबिगर कसं शिवायचं, पोरी?"

रीटा पायरीवर बसली. बोटांनी शिवण चाचपत राहिली. "आत काय भरलंय?"

"कॉलरी, बाह्या. त्याच्याच."

"त्या तरी..."

मटिल्डाबायला तेव्हा कळलं. तिनं खाली बघत मान हलवली. धुतल्याशिवाय तिनं चिंधीसुद्धा आत घातली नव्हती.

सायमन दोन पावलं पुढे आले, आणि केळींकडे परत गेले.

"आई, त्या शर्टांसाठीच मी येणार होते," रीटा म्हणाली. "त्यांनाच त्याचा वास होता. आता तिथे येऊन काय करू?"

"मी हाय ना," मटिल्डाबाय म्हणाली. पण इतक्या हळू, की ते तिचं तिलाच ऐकू गेलं.