फक्कीची रेघ

आमचे हे, म्हणजे तात्यासाहेब, कन्नड गावच्या शाळेत तीस वर्षं कबड्डी शिकवत होते. तोंडानं बोलणं कमी, शिट्टीनं जास्त. लग्नात हार घालाया मला जरा उशीर झाला, तर भर मांडवात शिट्टी वाजवली माणसानं! तवाच वळखायला पाहिजे होतं मी.

गेल्या दिवाळीनंतर यांच्या लिव्हरच्या उजव्या बाजूला कॅन्सरची गाठ निघाली. घर हादरून गेलं. डॉक्टर म्हणाले, आधी मांडीच्या शिरेतून नळी घालून किरणांचे बारीक मणी गाठीत सोडू. गाठ आकसंल, डावी बाजू वाढंल. ती पुरेशी वाढली तरच ऑपरेशन करून उजवी काढता येईल.

"अन् नाय वाढली तर?" मी विचारलं. डॉक्टर चष्मा पुसत बसले.

मणी सोडले, दवाखान्यातून सुट्टी झाली. निघताना मी औषधाच्या रांगेत, अन् हे एकटेच डॉक्टरसमोर. बाहेर येऊन म्हणाले, "सरू, माझ्या अंगात किरणं हायेत. ऑपरेशनपर्यंत लेकराला जवळ येऊ द्यायचं नाय."

लेकरू म्हणजे आमच्या लेकाची, सत्यमची राजनंदिनी, तीन वर्षांची. पडेगावला घरी पोचल्या पोचल्या यांनी ओट्यावर चुन्याच्या फक्कीची रेघ आखली. मैदानावर आखतात तशी, सुतळी धरून! पलीकडं हे, अलीकडं नात. पोरीचा पाय रेघेवर पडला की शिट्टी. तिला वाटलं खेळच हाय. "कबड्डी कबड्डी" करत यायची अन् शिट्टी वाजली की खिदळत पळायची. शेजारची भागूबाई तब्येत विचाराया आली, तर तिलाबी शिट्टी. असे तीन महिने काढले, बाई!

मग तपासणी झाली. डॉक्टर खूश. गाठ आकसलेली, डावी बाजू चांगली वाढलेली, सोमवारी ऑपरेशन. मी हात जोडले अन् विचारलं, "मग आता नातीला जवळ घेतलं तर चालंल का?"

"आता? ते पहिले आठच दिवस होतं. यांना सांगितलं होतं की."

मी यांच्याकडं बघितलं. हे छताकडं.

घरी आल्यावर मी सोडलं नाय. "अवो, लेकराला तीन महिने कशापायी तरसवलं?"

यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "ऑपरेशनात काय बी व्हईल, सरू. पोरीला माझी सवय लागाया नको."

"अन् मला? चाळीस वर्षांची सवय लागलीय मला. माझ्यासाठी कुठं आखली रेघ?"

रडू बी आलं, राग बी आला. बादलीभर पाणी ओतून ओटा धुऊन काढला. राजनंदिनी आली, रेघ कुठाय म्हणून इकडंतिकडं बघितलं, अन् थेट यांच्या मांडीवर. "तात्या आऊट!" यांनी शिट्टी तोंडापर्यंत नेली, पण वाजवली नाय.

सोमवारी आत नेताना पुटपुटले, "आऊट झालो बघ, सरू."

"आऊट झालेला गडी परत आत घेतात. तुमच्याच खेळाचा नियम हाय," मी खडसावलं. "अन् ती शिट्टी द्या इकडं."

सात तास मी ती मुठीत धरून बाहेर बसले. देव आठवंना, नुसती शिट्टी.

दुसऱ्या दिवशी मला आयसीयूत भेटाया सोडलं. अंगभर नळ्या, पण डोळे उघडे. हात पुढं केला यांनी. मला वाटलं, शिट्टी पाहिजे. दिली, तर ती बाजूला सारली अन् माझं मनगट घट्ट धरलं. नर्स तीनदा म्हणाली, "आजी, वेळ संपली, निघा आता."

निघते कशी? हे सोडतील तवा ना!