मूळ वजनाची परीक्षा

वजने तपासणाऱ्या शासकीय प्रयोगशाळेत त्यांना सगळे तराजूबाई म्हणत. सव्वीस वर्षे त्यांनी एकाच खोलीत काम केले. खोलीला खिडकी नव्हती. मध्यभागी काँक्रीटच्या चौथऱ्यावर काचेच्या पेटीत तराजू होता. वजन चिमट्यानेच उचलायचे आणि ठेवल्यावर हवा स्थिरावून अंगाची ऊब निवेपर्यंत दूर बसायचे. इतरांना हे बसणे शिक्षा वाटे. बाईंना मात्र श्वासाकडे पाहत स्वस्थ बसण्याची सवय बुद्धविहारात लहानपणीच लागलेली. "बाईंचं ध्यान लागलं की काटासुद्धा डोळे मिटतो," असे सहकारी म्हणत.

तिथले एक किलोचे मूळ वजन म्हणजे अंतिम प्रमाण. राज्यातल्या दुकानापासून औषधांच्या कारखान्यापर्यंतची मापे शेवटी त्याच्याशीच ताडली जात. एका वर्षी त्याच्या जोडीला ठेवलेली एक किलोचीच चारही वजने त्याच्याहून किंचित जड भरली. फरक धुळीच्या कणाएवढा, पण चारही वजनांचा सारखाच. प्रमुखांनी चारही वजने बाद करण्याचा आदेश काढला. बाईंनी त्यावर सही केली नाही.

"साहेब, चार बहिणी एकाच वर्षी सारख्याच जाड झाल्या म्हणायच्या, की थोरली वाळली म्हणायची?"

"मूळ वजन बदलत नसतं, बाई. म्हणून तर ते मूळ." प्रमुख खुर्चीत रेलले. "तुमच्या धर्मात सगळंच अनित्य. तुम्हाला दुसरं काय दिसणार? काविळीच्या डोळ्यांना जग पिवळंच!"

जमलेल्या सहकाऱ्यांत हशा पिकला. टोमणा वर्मी बसला, कारण तो पूर्णपणे खोटा नव्हता. नित्य काही नाही ही बाईंची जन्माची श्रद्धा. हाती आलेला आकडा तिला दुजोरा देणारा. आपल्या श्रद्धेला सोयीचा पुरावा माणूस क्वचितच उलटून पाहतो. बाई तो उलटून पाहत दिवसभर बसल्या. दुसऱ्या सकाळी त्या प्रमुखांपुढे उभ्या राहिल्या.

"काल तुम्ही म्हणालात ते खरं असू शकतं. तेव्हा माझी कावीळही तपासू या. पाचही वजनांच्या डब्यांवरचे क्रमांक तुम्ही स्वतः चिठ्ठ्या लावून झाका. दुसऱ्या प्रयोगशाळेला त्यांच्या प्रमाणाशी तोलू द्या. मी हातसुद्धा लावणार नाही."

"आणि चुकलात तर?"

"तर तराजूच्या खोलीची किल्ली तुमच्या टेबलावर."

प्रमुखांनी मान डोलावली. ते हट्टी होते, पण अप्रामाणिक नव्हते.

अकराव्या दिवशी अहवाल आला. सर्वांसमक्ष प्रमुखांनी तो वाचला: चार वजने जुन्या दाखल्यांबरहुकूम, एक हलके. त्यांनी त्या एकाच्या डब्यावरची चिठ्ठी सोलली. खाली क्रमांक एक होता, म्हणजे मूळ वजन.

मग प्रमुखच म्हणाले, "थोरलीच वाळली की हो!" सगळी खोली टाळ्यांनी दुमदुमली. त्यांनी तिथल्या तिथे आदेश रद्द केला, आणि यापुढे मूळ वजनही दरवर्षी क्रमांक झाकूनच तपासले जाईल असे खाली लिहिले.

घरी चुलते वाटच पाहत होते. विहार समितीचे अध्यक्ष; भाषण तयारच.

"पोरी, जिंकलीस! रविवारी सत्कार. मी ठणकावून सांगणार, विज्ञानाला आज कळलं ते बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितलं!"

"नका, काका. कुठलं वजन किती घटलं, हे बुद्धांनी सांगितलं नव्हतं. ते तराजूनं सांगितलं."

"मग आपल्या धम्मानं केलं काय?"

"क्रमांक झाकायला लावले. आपल्या मतालाही धरून बसू नये, हे त्यानंच शिकवलं. तो नसता तर मी माझ्याच आकड्याला चिकटून बसले असते."

चुलत्यांनी भाषणाचा कागद उलटा केला, पेनचे टोपण काढले आणि म्हणाले, "बस. पहिल्यापासून सांग."

रविवारी विहारात उभे राहायला जागा नव्हती. चुलत्यांनी हकिगत सांगितली, बाई दोनच मिनिटे बोलल्या, आणि टाळ्यांचा सर्वांत मोठा कडकडाट झाला तो त्यांच्या या वाक्याला: "मीही चुकलेली असण्याची शक्यता होती."