डाव्या मनगटासाठी दोन घड्याळं

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात बोलायला दोनच विषय होते, काळं आणि निळं. दोन्ही घड्याळं, स्वित्झर्लंडची. समुद्रात खोल बुडी मारणाऱ्या माणसांसाठी बनवलेली. किंमत अशी की मी ती आईला फोनवर सांगितलीच नाही, उगाच तिचं बीपी वाढलं असतं. हैदराबादला अंबरपेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये नवरा सोफ्यावर मांडी घालून मोबाईलवर त्या दोघांची तुलना करणारे व्हिडिओ बघत बसायचा. गोरे लोक मनगट उलटंसुलटं करून दाखवायचे आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. शेवटी शेवटी मला सगळं पाठ झालं होतं. काळं पातळ, शर्टाच्या बाहीखाली गुपचूप बसतं. निळं जाड आणि जड, पण वेळ जास्त अचूक, आणि पाठीमागे काच असल्यामुळे आतली चाकं फिरताना दिसतात. काळ्याला एवढी मागणी की नवीन घ्यायला गेलं तर नाव नोंदवून वाट बघत बसा. निळं मागाल तेव्हा हजर. काळं कधीही विकायला काढा, भाव टिकून. निळ्याचा भाव दुकानाची पायरी उतरली की घसरला.

"अहो, बादलीत हात घालायच्या आधी घड्याळ काढून ठेवता तुम्ही," मी म्हणायचे. "तीनशे मीटर खोल जाऊन काय मासे पकडायचेत?"

"खोलीचा प्रश्न नाही गं. मजबुतीचा आहे. रोजच्या वापराला मजबूत पायजे."

"मग लोखंडाचं कडं घाला. स्वस्तात होईल."

तो हसायचा. मला मात्र हसू येत नव्हतं. कारण तिसरा एक विषय होता आणि तो घरात कुणी काढायचाच नाही.

नवऱ्याच्या दोन्ही किडन्या जात आल्या होत्या. शुगर आणि बीपी बरीच वर्षं होतं, त्याचं हे फळ. थंडीत किडनीच्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं की आज ना उद्या डायलिसिस करावं लागणार. त्याआधी डाव्या हाताचं एक छोटं ऑपरेशन करून घ्यायचं. मनगटाजवळ एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडायची, त्याला फिस्टुला म्हणतात. मग ती शीर हळूहळू फुगून जाड होते आणि डायलिसिसच्या मोठ्या सुया तिच्यात घालता येतात. तयार व्हायला काही महिने लागतात, म्हणून आत्ताच करा, त्या म्हणाल्या. नाहीतर ऐनवेळी मानेत नळी घालावी लागते, त्यात इन्फेक्शनची भीती फार. माणूस हातचा जातो, असंही त्या हळू आवाजात म्हणाल्या, माझ्याकडे बघून.

"आणि हां, नंतर त्या हाताला घट्ट काही बांधायचं नाही," त्या म्हणाल्या. "बीपीचा पट्टा नको, कडं नको, घड्याळ नको."

एवढं सगळं ऐकून आमचा गृहस्थ अडकला कुठं, तर शेवटच्या शब्दावर. "घड्याळ पण नको?"

"उजव्या हातात घाला की," डॉक्टरबाई हसल्या.

पण दहावीपासून डाव्या हातात घड्याळ घातलेला माणूस तो. घरी आल्यावर म्हणाला, आयुष्यात एक चांगलं घड्याळ घ्यायचं होतं, आता घेतोच. थोडे दिवस डाव्या हातावर मिरवतो, मग म्हणशील तिथं सही करतो. मला वाटलं, करू दे बिचाऱ्याला हौस. चार दिवसांत घेईल आणि मोकळा होईल. कसलं काय! काळं की निळं हे काही ठरेना. हॉस्पिटलमधून फोन आला की हा म्हणायचा, "अभी थोडा काम बाकी है मॅडम." कुकटपल्लीच्या एका कारखान्यात क्वालिटीत आयुष्य गेलं ह्याचं. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजायचे, हा पास, हा रिजेक्ट. स्वतःच्या रक्ताचे रिपोर्ट मात्र पाकीट न उघडता कपाटावर.

माझा जीव नुसता टांगणीला लागलेला. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. समोर पालक फी भरायला उभे असायचे आणि माझ्या डोक्यात एकच घोळायचं, ऐनवेळ म्हणजे कधी? फोन वाजला की आधी बघायचे, ह्याचा तर नाही ना. रविवारी विहारात वंदनेला बसले तरी ओठ हलायचे आणि मन घरी, हा आत्ता दम लागून बसला नसेल ना! घरी येऊन बघावं तर हा मजेत सोफ्यावर. "ये ये. हे बघ, निळ्याच्या पट्ट्याला काय मस्त क्लिप दिलीय." वाटायचं, तो मोबाईल घेऊन मूसी नदीत फेकून द्यावा.

पण एक सांगते. त्याचं एक वाक्य मला मनापासून आवडायचं. काळ्याची बाजू घेताना तो म्हणायचा, "अगं, पाच वर्षं वापरून विकलं तरी पैसे सुटतात. त्याला व्हॅल्यू म्हणतात." रिसेल की फिसेल, त्याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. पण पाच वर्षं हा शब्द त्याच्या तोंडून आला की मला बरं वाटायचं. कधी कधी मी मुद्दाम विचारायचे, "आणि दहा वर्षांनी?" "दहा वर्षांनी तर विचारूच नको," तो म्हणायचा. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायचे.

शेवटी मीच त्याला उठवलं. बंजारा हिल्सला एक दुकान आहे, वापरलेली महागडी घड्याळं विकतात. तिथं सेकंडहँड म्हणायचं नाही म्हणे, प्री-ओन्ड म्हणायचं. काळं आलंय असं कळलं, म्हणून गेलो. दुकानदार मोठा अदबशीर माणूस, पांढरी दाढी, अत्तराचा वास. मला बाजी, म्हणजे ताई, म्हणाला, चहा मागवला. काळं घड्याळ नवऱ्याच्या डाव्या मनगटावर चढवलं. सैल होतं. त्यानं तिथल्या तिथं पट्ट्याच्या कड्या काढल्या आणि परत चढवलं. असं बसलं की जणू ह्याच हातासाठी घडवलेलं. नवऱ्यानं हात लांब धरला, जवळ आणला, बाही वरखाली केली. मला इतका सुंदर दिसला तो त्या क्षणी! मी म्हटलं, "घेऊन टाका. बास झालं आता."

"निळं न बघता कसं घेऊ?"

निळं पंधरा-वीस दिवसांत येणार होतं. थोडा अॅडव्हान्स देऊन काळं अडवून ठेवलं आणि हात हलवत परत आलो. वाटेत तोंड उघडलं असतं तर भर रस्त्यात तमाशा झाला असता.

ते पंधरा-वीस दिवस कसे काढले माझं मला माहीत. मे महिना, हैदराबाद नुसतं भाजत होतं. त्याला पाणी मोजून प्यायला सांगितलेलं, आणि हा तीनशे मीटर पाण्यात चालणाऱ्या घड्याळाच्या गोष्टी करत बसलेला. मी रोज विचारायचे, पाय सुजलेत का? "काय नाही गं, तू कायकू परेशान होतीस," म्हणायचा. आणि सकाळी मी उठायच्या आत अंघोळ करून मोजे घालून बसलेला असायचा. घरातसुद्धा मोजे. एसीनं पाय गार पडतात म्हणे.

निळं आलं. आम्ही गेलो. दुकानदारानं मागच्या वेळचं माप लक्षात ठेवून पट्टा आधीच बेतून ठेवला होता. चढवला, तर क्लिप लागेना. जोर लावून लावली, तर कातडी चिमटीत आली.

"बघ," नवरा मला म्हणाला. चेहऱ्यावर अगदी कारखान्यातल्या इन्स्पेक्टरचा भाव. "हे मी व्हिडिओत ऐकलंच होतं. निळं हाताला नीट बसत नाही. काळं कसं मऊ बसलं होतं! रोजच्या वापराला हे नको. रिजेक्ट."

"गर्मी है ना साब," दुकानदार म्हणाला. "गर्मी में हाथां फूल जाते. एक कडी और लगा देतूं."

मी ऐकत होते आणि काळ्याच्या वेळचं माप आठवत होते. माप तेच. माणूस तोच. "काळं काढा," मी म्हणाले.

"अगं, काळं बघून झालंय."

"भाईजान, काळं काढा. जरा जल्दी."

त्यानं काळं आणलं. तेच घड्याळ, त्याच कड्या, ह्याच टेबलावर बेतलेल्या. नवऱ्याच्या मनगटाभोवती दोन टोकं आली आणि थांबली. मध्ये फट. दुकानदारानं हलकेच ओढून बघितलं, मग हात मागे घेतला.

मी नवऱ्याचं मनगट धरलं आणि निळ्याच्या पट्ट्याचा वळ उठला होता तिथं अंगठ्यानं दाबलं. कणकेत बोट रुतावं तसा खळगा पडला. मी अंगठा उचलला. खळगा तसाच.

"मोजे काढा," मी म्हणाले.

"इथं? वेडी झालीस काय?"

"इथंच."

तो हलेना. मग मीच खाली वाकले. त्या चकचकीत दुकानात, काचेच्या कपाटांसमोर, गुडघ्यावर बसून मी त्याचा मोजा खाली ओढला. पाय टम्म. मोज्याच्या रबरानं पोटरीत चर पडला होता. आज-कालची सूज नव्हती ती. मला दिसू नये म्हणून हा माणूस रोज पहाटे उठत होता. दुकानदार दुसरीकडे बघत उभा राहिला.

ऑटोत बसल्यावर त्यानं आधी मोजा वर ओढला. खैरताबादच्या सिग्नलला गाडी अडकली तेव्हा म्हणाला, "निळंच घेऊ. स्वस्तात पडेल. रिसेल कुणाला बघायचीय आता."

माझं डोकंच फिरलं. "मला बघायचीय!" मी ओरडले. "पाच वर्षांनी बघायचीय, दहा वर्षांनी बघायचीय! तुम्ही स्वतः त्या दुकानात बसून भाव करायचा, चहा पिऊन! मेल्या माणसाचं घड्याळ विकायला मी जाणार नाही, सांगून ठेवते!" ऑटोवाल्यानं आरशातून बघितलं. बघू दे.

तेव्हा कुठं तो बोलला. खाली बघत, हातानं हात चोळत. "मला भीती वाटते गं. हात एकदा कापला की सुरूच झालं ना सगळं. हात आहे तसा आहे तोवर मला वाटतं, मी बरा आहे."

"मग मला काय वाटत नसेल?" मी म्हणाले. "मी तर ह्या भीतीनं अर्धी झाले. पण तुम्ही एकटेच भीत बसलात, मला आत घेतलंच नाही." आणि ऑटोवाल्याला म्हणाले, "भैय्या, घर नक्को. दवाखाने को लो."

डॉक्टरबाई आमच्यावर जाम चिडल्या. त्या दिवशीच भरती करून घेतलं. इंजेक्शनांनी अंगातलं पाणी उतरवलं. थोडक्यात निभावलं, आणखी उशीर केला असता तर मानेत नळी ठरलेलीच होती, असं त्या म्हणाल्या. सूज उतरल्यावर फिस्टुला करायचं ठरलं. सही करायला कागद आला तेव्हा नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग केली. ऑपरेशनला नेताना डावा हात त्यानं स्वतः पुढे केला.

घड्याळ काळंच घेतलं, माझ्या हट्टानं. उजव्या हातात घालतो. उजव्या हातात घातलं की घड्याळाच्या बाजूची चावी मनगटात टोचत नाही, हा नवा शोध लागलाय त्याला, आणि तो येईल-जाईल त्याला सांगतो.

आता माझ्यामागे दुसरंच लागलंय. फिस्टुला चालू असेल तर तिथं बोट ठेवलं की कातडीखाली घुरघुर लागते, मांजराच्या पोटावर हात ठेवल्यासारखी. कान लावला तर ऐकूही येते. रोज तपासायची, आणि कधी थांबली तर तसंच धावत यायचं, असं बजावून सांगितलंय. त्याचं त्यालाही तपासता येतं. पण मोज्यांचा प्रकार बघितल्यावर ह्या माणसावर माझा कसला भरवसा! ते काम मी माझ्याकडे घेतलं. पहिले काही दिवस ऑफिसला निघताना एकदा, परत जिन्यातून वर येऊन एकदा.

परवा सकाळी तो झोपलेला होता. डावा हात चादरीबाहेर. मी बोटं ठेवली. काही लागेना. जरा सरकवली. काही नाही. खाली पाण्याचा टँकर आला होता, त्याची मोटर धडधडत होती. मी कान टेकवला, तर मोटरच ऐकू येत होती. "अहो! उठा! अहो, बंद पडलं!"

तो दचकून उठला. डोळेही नीट उघडले नव्हते. उजव्या हातानं त्यानं माझी बोटं धरली, टाक्यांच्या व्रणावरून थोडी वर सरकवली आणि दाबून ठेवली. आणि लागली की घुरघुर! चांगली जोरात, आहे तशी. माझ्या बोटांतून कोपरापर्यंत आली.

मला हुंदका आवरेना. मी तशीच त्याच्या हातावर डोकं टेकून रडायला लागले.

"अगं," तो घाबरून म्हणाला, "त्या हातावर वजन ठेवायचं नाही."